शिरगणतीच्या रात्री घरात कोण होते

माझा थोरला बंधू जार्लथ याने मृत्युशय्येवर एकच इच्छा व्यक्त केली होती : आपल्याला आजी ऑनरच्या शेजारी पुरावे. आमच्या नॉकरो गावी कबर शेजारीपाजारीच खणतात आणि त्याचे मोल कोणी घेत नाही. परंतु आजी माहेरची लव्हेल असल्याने तिला दफनभूमीतील लव्हेलांच्या कुंपणात विश्रांती लाभली होती आणि आम्ही पडलो टार्पी. म्हणून अंत्यविधीच्या आदल्या दिवशी मी कुदळीचा पहिला घाव घालताच कोलमन लव्हेल फावडे घेऊन समोर उभा ठाकला.

"फेस्टी, हात आवर. खाली माझे पणजोबा बार्टली आहेत."

"माझेही तेच पणजोबा, कोलमन."

"तुझ्याच आज्यानं गोळी घातली ना त्यांना! आधी म्हातारा खाल्ला, मग पोरगी, मग शेत. आता कबरही पाहिजे होय रे? ज्यानं बार्टलीला मारलं त्याचं रक्त या कुंपणात राहणार नाही. सांगून ठेवतो."

मी त्याच्या मुखावर मुष्टिप्रहार केला. त्याचा ओठ फाटला आणि एक दात मातीत पडला. त्याने फावड्याचे पाते माझ्या डाव्या हातावर उतरवले. दोन बोटे मोडल्याचा ध्वनी मी स्वकर्णी ऐकला. तथापि उजवा हात शाबूत होता. त्याच्या मानेस धरून मी त्याचे मस्तक दगडी भिंतीवर आपटले, आणि लोकांनी ओढून काढले नसते तर पुन्हा आपटले असते.

हे वैर आमच्या जन्मापूर्वीचे होय. एक शतक आम्ही बार्टलीचे ते शेत कसले, तरी गावकरी त्यास 'लव्हेलांची जागा' म्हणत. कोलमनच्या घरची कथा अशी : १९११ च्या शिरगणतीच्या रात्री, कामावरून हाकललेला गडी टॉमस टार्पी, म्हणजे माझे आजोबा, डोंगर उतरून आला आणि खिडकीतून बार्टलीवर बंदूक झाडून पळाला. कोलमनचे आजोबा मार्टिन तेव्हा बापाच्या शेजारीच निजले होते.

दवाखान्यात माझा हात बांधला जात असताना जार्लथची कन्या ऊना हिने मोबाइलवर, रात्री कोण कोणत्या घरी निजले ते नोंदणारी ती जुनी शिरगणती उघडली.

"काका, ही बघा गंमत! तुमची सबिना पणजी, बार्टलीची बायको, १९०१ ला सेहेचाळीस आणि १९११ ला एकाहत्तर."

"सत्तरीनंतरची पेन्शन गं. नवीन निघाली होती. सगळं गाव एकदम म्हातारं झालं."

मग ती हसायची थांबली. १९११ च्या पानावर बार्टलीचे नाव लिहून त्यावर आडवी रेघ मारलेली होती. सबिनापुढील 'विवाहित' खोडून 'विधवा' केले होते. खाली कन्या ऑनर. त्याखाली टॉमस टार्पी, नोकर. खाली, सकाळी कागद न्यायला आलेल्या शिपायाची सही. मार्टिनचे नाव नव्हते. ऊनाने नॉकरोतील प्रत्येक घर तपासले, परंतु तो कोणाच्याही घरी निजलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही शवपेटी खांद्यावर घेऊन पोहोचलो, तेव्हा कबर अर्धीच खणलेली होती आणि कोलमन कुदळ घेऊन कुंपणाच्या दारात उभा होता. त्याचा ओठ टाक्यांनी शिवलेला होता.

"पुढे आलास तर जार्लथच्या शेजारी तुलाही आडवा करीन."

मी खांदा काढून घेतला आणि मोबाइल त्याच्यापुढे धरला. तो वाचून हसला. "वयं खोटी, कागद खोटा. टार्पीसारखाच."

"वय वाढवलं पेन्शनीसाठी. पण सकाळी शिपाई त्या घरात उभा होता, कोलमन. टेबलावर बार्टलीचं प्रेत होतं. हाकललेला गडी तिथंच होता आणि घरातला चोवीस वर्षांचा पोरगा मार्टिन नव्हता. सबिनानं शेत पोराला न देता पोरीला का दिलं, सांग की."

सगळा गाव ऐकत होता. कोलमनने पुन्हा वाचले, आणि त्याचा चेहरा विस्तवावर धरलेल्या कातड्याप्रमाणे आक्रसला. त्याने कुदळ उगारली. मी मोडका हात डोक्यावर धरला.

परंतु तो वळला. आतल्या बाजूस मार्टिनच्या कबरीचा दगड होता, दरवर्षी ईस्टरला कोलमन ज्याचे शेवाळ स्वहस्ते घासून काढी तो. त्याने पहिला घाव नावावर घातला.

"कोलमन, अरे आजोबा आहेत तुझे!" मी त्याच्या दंडास धरले. त्याने कोपराने माझे नाक फोडले.

"बार्टलीला मारणाऱ्याचं रक्त इथं राहणार नाही, असं मीच बोललो ना! मग?"

दगडाच्या ठिकऱ्या उडाल्या. एक ठिकरी त्याच्याच गालात रुतली, त्याने ती काढलीही नाही. फादर प्रार्थना म्हणू लागले, पण घावांपुढे त्यांचा आवाज ऐकू येईना. शेजाऱ्यांनी उरलेली कबर खणली, आणि नाकातून रक्त गळत असता एका हाताने दोर धरून मी जार्लथला आजीच्या शेजारी उतरवले. दगडाचे दोन तुकडे झाले होते. कोलमन आता त्याखालची माती खणत होता.