‘बघून’ चालणार नाही

“काकू, ‘बघून’ हा शब्द चालणार नाही,” असं म्हणत क्वालिटीवालीने तो पुन्हा एकदा खोडला.

“मग काय लिहू? डोळे मिटून?”

रुग्णालयाच्या लाँड्रीत काकूंचा शब्द शेवटचा असे. ऑपरेशनच्या चादरी किती गरम पाण्यात टाकायच्या, कुठल्या डागाला काय लावायचं, मशीन कण्हायला लागलं की कुठे थोपटायचं, सगळं त्यांच्या डोक्यात. आता रुग्णालयाला गुणवत्तेचं प्रमाणपत्र हवं होतं, त्यामुळे डोक्यातलं ते सगळं कागदावर उतरवायचं होतं. कुणीही वाचावं आणि कुणीही करावं, असं. हे ‘कुणीही’ काकूंच्या घशाखाली उतरत नव्हतं.

तरी त्या रोज त्या क्वालिटीवाल्या पोरीसमोर बसत होत्या, कारण त्यांना रजा हवी होती. थोरल्या लेकीच्या बाळंतपणाला त्या गेल्या आणि लगेच फोनवर फोन सुरू झाले. बॉयलर रुसला, ऑपरेशन थिएटरच्या चादरी मुलांच्या वॉर्डात गेल्या. बाळ जन्मायच्या आतच काकू पिशवी उचलून परत आल्या. थोरली ते अजून विसरली नव्हती. आता धाकटीचे दिवस भरत आले होते आणि साहेबांनी सांगून ठेवलं होतं, “पद्धत लिहून द्या आणि खुशाल जा.”

“डाग गेलाय हे तुम्हाला कसं कळतं?” क्वालिटीवालीने विचारलं.

“कळतं.”

“पण कसं?”

“अहो बाई, तुम्हाला ताप आलाय हे तुमच्या आईला कसं कळायचं?”

“थर्मामीटर लावून.”

काकूंनी कपाळावर हात मारून घेतला. पण पोर भलतीच चिवट. तिने काकूंना खिडकीपाशी उभं केलं, हातात चादर दिली आणि त्या काय करतात ते टिपत गेली. उजेडाकडे धरणे, दोन्ही बाजू तपासणे, शंका आल्यास पुन्हा धुणे. ‘तपासणे’ चालतं आणि ‘बघून’ चालत नाही, यातली गंमत काकूंना काही केल्या कळेना. शेवटी वैतागून त्यांनी सही ठोकली. लिहिलेल्या पद्धतीचे तक्ते लाँड्रीच्या भिंतीवर लागले आणि रजा मंजूर झाली.

धाकटीला मुलगी झाली. काकू बाळंतपणाच्या खोलीच्या दारातच उभ्या होत्या, पहिलं रडणं त्यांनी ऐकलं. फोन मात्र वाजला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्या आठवड्यातही नाही.

“बंद पडलाय वाटतं मेला,” काकू फोन हलवत म्हणाल्या.

“आई, वाजत नाहीये याचं सुख मान की!” धाकटी म्हणाली.

सुख होतंच. नात त्यांचं बोट मुठीत धरून झोपायची, तेव्हा त्यांना अगदी भरून यायचं. पण त्या बॉयलरने एकदाही रुसू नये, याचा राग येत होता आणि राग येतो म्हणून स्वतःचीच लाज वाटत होती. अगदीच राहवेना, तेव्हा त्यांनीच लाँड्रीत फोन लावला.

“सगळं मस्त चाललंय, काकू,” हाताखालची बाई म्हणाली. “तक्त्यात आहे तसं करतो. वॉर्डातून एक तक्रार नाही. तुम्ही नातीचे लाड करा.”

काकूंनी फोन ठेवला आणि उगाचच धाकटीवर खेकसल्या, “त्या बाळाचं डोकं नीट धर!”

दोन दिवसांनी मात्र फोन वाजला. काकू इतक्या झटकन उठल्या की नात दचकून रडायला लागली. फोनवर तीच बाई होती.

“बोल! काय बिघडलं?” आवाजातला आनंद लपत नव्हता.

“बिघडलं काही नाही हो. टेबलावर स्वतःच्या वस्तू ठेवायच्या नाहीत, असं लिहिलंय ना आता. तुमचा चहाचा कप कपाटात ठेवू का?”

काकूंनी रडणाऱ्या नातीला उचलून खांद्यावर घेतलं.

“काकू? ऐकताय ना?”

“ठेव,” त्या म्हणाल्या. “पण वरच्या फळीवर नको ठेवूस. माझा हात पोहोचत नाही.”