कोऱ्या कापडाची पिशवी

बाबूलालने बटन दाबताच मशीन घरघरू लागले, आणि श्रावणने खिशातली कागदाची पुडी काढून दुकानाच्या फरशीवर उलटी केली. पुडीत कापसाचे बारीक, पांढरे तंतू होते. पंख्याच्या वाऱ्याने ते लगेच चारी दिशांना पळायला लागले.

"हे काय आणलं गा?" बाबूलाल ओरडला. "माह्या दुकानात कचरा काहून करून राहिला?"

"रुई हाये शेठ. माह्या मागाखालची. मशीनले हीच ओढाची हाये, तं परीक्षा बी हिचीच घ्या लागन ना?"

नागपूरच्या सदर भागातले बाबूलालचे दुकान म्हणजे साहेब लोकांचा मागे उरलेला संसार होता. लोखंडी पलंग, तडा गेलेली बशी, टोपी टांगायची खुंटी, असे काय वाटेल ते तिथे मिळे. त्या गर्दीत बाबूलालजवळ धूळ ओढायची तीन मशीन होती, आणि ती घ्यायला आजवर कोणी आले नव्हते. नागपुरात ज्याच्या घरी गालिचा होता त्याच्या घरी नोकर होता, आणि ज्याच्या घरी नोकर नव्हता त्याच्याकडे केरसुणी होती. त्यामुळे तांडापेठेतला एक कोष्टी सायकलवरून येऊन मशीन मागतो, हे बाबूलालला आधी खरेच वाटले नाही.

पहिले मशीन दिसायला नवरदेव होते. चकचकीत अंग, वर चाकेही. आवाज असा की शेजारचा शिंपी डोकावून गेला. पण रुई जागची हलली नाही. गर्जेल तो पडेल काय, म्हणून श्रावणने ते बाजूला सारले. दुसऱ्याने थोडी ओढली आणि ठिणग्या टाकल्या. तिसरे हिरवट रंगाचे, पोचे आलेले, कोणी फुकट दिले तरी दारात ठेवू नये असे. त्याने मात्र फरशीवरची सगळी रुई गिळली, आणि वर बाबूलालच्या पानाचा कागदही गिळला.

"वाहवा!" बाबूलाल म्हणाला. "विलायती चीज हाये भाऊ. ले जाव."

श्रावण मशीनच्या मागच्या बाजूला गेला. तिथे कापडाची पिशवी होती, कुजून चाळणी झालेली. पुढून गिळलेली रुई मागून तशीच बाहेर उडत होती.

"शेठ, हे तं पुढून खाते अन् मागून वाटते."

बाबूलालने डोके खाजवले. "पिशवी खराब हाये, मी कुठी नाही म्हणतो? पण तशी पिशवी आता मुंबईले बी भेटणार नाही. म्हणून तं भाव कमी सांगतो."

श्रावणला मनातून हसू फुटले. पिशवी नाही म्हणून भाव कमी, आणि तोही कोष्ट्याला! पण त्याने चेहरा सुतकी ठेवला, दोनदा पायरी उतरून दोनदा परत आला, आणि शेवटी बाबूलाल बोलला त्याच्या निम्म्यात ते हिरवे धूड सायकलच्या कॅरिअरला बांधले. मागाच्या खोलीवर नवी कौले घालायला ठेवलेले पैसे त्यात गेले. यंदा खोली गळणार होती. गळू दे, तो मनाशी म्हणाला.

कारण त्या खोलीपायीच चंद्रकला, त्याची बायको, होळीपासून माहेरी उमरेडला होती. लग्न होऊन आली तेव्हापासून ती मागाशेजारी बसून रहाटावर सूत गुंडाळून धोट्यासाठी कांड्या भरत होती. सुताची रुई आणि सुत कडक करायला लावलेल्या खळीची वाळलेली धूळ तिच्या छातीत उतरत गेली. आधी खोकला, मग धाप, मग रात्र रात्र उशीला टेकून बसणे. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सरळ सांगितले, एक तर माग बंद करा, नाही तर बाईंना या हवेतून हलवा. माग बंद केला तर खायचे काय? म्हणून तिला हलवले. तिचा थोरला भाऊ रुपराव याने माग विकून उमरेडला किराण्याचे दुकान टाकले होते. त्याच्या घरात रुई नव्हती. तिथे तिचा खोकला निवळला, आणि इथे श्रावणच्या घरात बोलायला कोणी उरले नाही. केरसुणीने झाडावे तर रुई नुसती उडून पुन्हा खाली बसे. आपल्याला बायकोची इतकी सवय असेल हे त्याला ठाऊक नव्हते. तो जेवताना शेजारच्या गोदूबाईच्या बोक्याशी बोलू लागला, तेव्हा गोदूबाईनेच त्याला हटकले. "घेऊन ये गा तिले. नाही तं उद्या बोक्यालेच लुगडं नेसवशीन."

मग एकदा सिव्हिल लाइन्समध्ये एका बंगल्यावर लुगडी दाखवायला गेला असताना त्याने ते यंत्र पाहिले. नोकर नळी फिरवत होता आणि गालिच्यावरचा कचरा, एक कण न उडता, आत जात होता. श्रावण लुगड्यांचा भाव सांगायचा विसरला. दुसऱ्याच दिवशी तो सीताबर्डीच्या मोठ्या दुकानात गेला. नव्या मशीनची किंमत ऐकली आणि विक्रेत्याला नमस्कार करून पायऱ्या उतरला. त्या किमतीत त्याचे घर मागासकट आले असते. पण मशीन डोक्यातून उतरले नाही, आणि हिंडत हिंडत तो बाबूलालपाशी पोचला.

पोळ्याला रुपराव बहिणीला घेऊन येणार होता आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची मारबत झाली की तिसऱ्या दिवशी परत नेणार होता. त्याचा निरोपही आला होता, 'माग मोडा अन् उमरेडले या, दुकानात तराजू धरा.' रुपराव वाईट माणूस नव्हता, खरे तेच बोलत होता. पण श्रावणच्या हातात तराजू! विचारानेच त्याची बोटे आखडत. चंद्रकला येईल तेव्हा खोली स्वच्छ हवी, आणि माग चालू असूनही ती स्वच्छ राहते हे तिने डोळ्यांनी बघायला हवे. तरच ती राहील.

श्रावणने पिशवीसाठी कापड विणायला घेतले. लग्नाच्या लुगड्याला वापरावे तसे बारीक सूत घेतले. ताण्याच्या उभ्या सुताला दुप्पट खळ दिली आणि प्रत्येक धाग्यामागे फणी दोनदा ठोकली. कापड असे झाले की त्यात पाणी ओतले तर थेंब गळू नये. गोदूबाईने बोटाने वाजवून पाहिले. "हे कापड हाये का पत्रा?" श्रावणला ती शाबासकीच वाटली.

पोळ्याच्या दिवशी दुपारी चंद्रकला आली. अंगाने भरली होती, चेहऱ्यावर तजेला होता. ते पाहून श्रावणला आनंद झाला आणि वाईटही वाटले. माहेरची हवा इतकी मानवली, तर इथे कशाला राहील ती?

"आत नोको येऊ," तो म्हणाला. "ओसरीतच बस. तुले एक गंमत दाखवतो."

त्याने मागावरचा दिवा काढला, होल्डरमध्ये वायर खुपसली आणि बटन दाबले. मशीन गरजले. क्षणभर रुई नळीकडे सरकली. मग आवाज बारीक होत गेला, कण्हल्यासारखा. रुई थांबली. नळी तिच्यावर टेकवली तरी ती ढिम्म हलेना. थोड्या वेळाने जळका वास सुटला, तेव्हा श्रावणने घाईने वायर ओढली.

रुपराव दारात उभा होता. "जवाई," तो हळू म्हणाला, "पैसे पाण्यात गेले तुमचे. ते भंगारवाले लोक असेच असतात."

"दुकानात चालत होतं हो! मी सोता पाहिलं!" श्रावणचा आवाज चढला. "त्या बाबूलालनं आतून काही तरी बदललं असन. उद्याच जातो अन् त्याच्या डोक्यावर आपटतो."

त्याला रडू येईल असे वाटले. हे एवढे लोखंड बाबूलालच्या अंगणात आपटून तो परत आला तरी परवाची बस काही चुकणार नव्हती.

चंद्रकला ओसरीतून उठली आणि तोंडाला पदर लावून आत आली. तिने फुगून टणक झालेल्या पिशवीवर तळवा ठेवला. बराच वेळ ठेवला.

"वायर लावा जी परत. थोडसंच."

मशीन कण्हले. तिने हात हलवला नाही.

"बंद करा. इच्यातून वारा बाहीर येऊनच नाही राहिला. घेतलेला श्वास सोडाले जागा नाही इले." मग तिने पिशवीची कड बोटांत चुरडली आणि नवऱ्याकडे पाहिले. "खळ नाही काढली का?"

"कशी काढू? कोरं कापड हाये."

"म्हणजे धुतलंच नाही?"

श्रावणने जन्मात कधी नवे कापड धुतले नव्हते. त्याच्या बापाने नाही, आज्यानेही नाही. कोष्ट्याचे कापड खळीच्या कडकपणासकट बाजारात जाते. तो कडकपणाच त्याची अब्रू. गिऱ्हाईक बोटाने वाजवते आणि पैसे देते. धुणे हे गिऱ्हाइकाच्या घरचे काम, आणि तिथेही बाईचे. लाख सुतांचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाला हे कधी सुचलेच नव्हते, की छिद्रांत खळ बसलेल्या कापडातून वारा जाणार कसा.

"हात तिच्या!" तो म्हणाला.

चंद्रकला पिशवी घेऊन विहिरीवर गेली. तिने ती गरम पाण्यात भिजवली, दगडावर आपटली, पिळली, पुन्हा भिजवली. पाणी दुधासारखे पांढरे निघत राहिले. इतक्या मायेने विणलेला कडकपणा असा वाहून जाताना पाहणे श्रावणला सोसेना. तो रुपरावला घेऊन बैल बघायला निघून गेला.

दुसऱ्या दिवशी मारबत, गावातली इडापीडा पुतळ्यासोबत बाहेर घालवायचा सण. सकाळपासून गल्लीत पोरांचा ओरडा चालला होता, "इडा, पीडा, खोकला, खासी घेऊन जा गे मारबत!" चंद्रकलाही दारात जाऊन ओरडून आली. परत आली तेव्हा पिशवी वाळली होती. आता ती मऊ, सुरकुतलेली होती, कोणत्याही बाजारात कोणी हात लावला नसता अशी. श्रावणने ती मशीनला बांधली आणि वायर लावली.

मशीन गरजले आणि गरजतच राहिले. पिशवी भरली, पण टणक झाली नाही. चंद्रकलाने तळवा धरला तर वारा बाहेर येत होता, आणि हाताला कण लागत नव्हता. मागाखालची, पाय सोडायच्या खड्ड्यातली, तुळईवरची, किती वर्षांची रुई, सुळकन आत जाऊ लागली. श्रावणला चेव चढला. तो गुडघ्यावर बसून कोपरा न् कोपरा ओढू लागला.

"पुरे करा जी! अवो, पुरे!"

त्याने वळून पाहिले. रुई संपली होती आणि मशीन आता जमीन खात होते. चंद्रकलाने काल संध्याकाळी तोंडाला पदर बांधून हौसेने सारवलेले भिंतीकडेचे शेण पोपडे होऊन नळीत चालले होते, आणि त्याच्यामागे उघड्या मातीचा एक लांब, वाकडा पट्टा पडला होता.

"रुई ओढाले आणली ना ही? माह्यं सारवण काहून खाऊन राहिली?" चंद्रकला म्हणाली आणि हसायला लागली. दारातून रुपराव हसला, भिंतीपलीकडून गोदूबाईही. चंद्रकला तर चौकटीला धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती.

श्रावण हसला नाही. त्याने मशीन बंद केले आणि तो वाट पाहू लागला. तिच्या हसण्याच्या शेवटी खोकला यायचाच. मग धाप, मग पाठ चोळणे. गेली चार-पाच वर्षे त्याने तिला मुद्दाम हसवलेच नव्हते.

हसू ओसरले. एक लहानसा खोकला आला आणि गेला. चंद्रकलाने एक लांब श्वास घेतला आणि तो शेवटपर्यंत सोडला.

रुपरावने ते पाहिले. त्याने खुंटीवरची आपली टोपी काढून झटकली आणि, "मी एकटाच जातो उद्या. दुकान बंद हाये," एवढे म्हणून तो मारबत बघायला बाहेर पडला.

चंद्रकलाने रहाट खोलीतून उचलून ओसरीत आणला. माग चालला की रुई उडणारच, तेव्हा मागाशेजारची तिची जागा आता तिची नव्हती, हे दोघांनाही कळत होते. उंबरठ्याच्या अलीकडे तिने बैठक मांडली, आत माग आणि बाहेर ती. पहिली कांडी भरून तिने उंबरठ्यावरून हात आत केला.

श्रावण खोलीच्या मधोमध नुसताच उभा होता.

"काहून जी, काय पाहून राहिले?" ती म्हणाली. "घ्या ना कांडी. हात दुखून राहिला माहा."