पाऊण वर्तुळ

पाव

पॉलिशखात्याच्या भिंतीवर कंपनीने नवा तक्ता लावला, तेव्हा ज्याने त्याने आधी आपलं वर्तुळ शोधलं. काम शिकत असाल तर पाव वर्तुळ काळं. मदतीने जमत असेल तर अर्धं. एकट्याने जमलं तर पाऊण. दुसऱ्याला शिकवलं तरच पूर्ण.

कुवाबारांचं पाऊण. जपानातल्या त्सुबामे गावात सेहेचाळीस वर्षं चमचे घासून घासून आरसे केलेला माणूस, आणि पाऊण!

"वस्ताद, तुमचा पाव कुणी खाल्ला हो?" शेजारच्या मशीनवरची बाई म्हणाली.

"उंदराने. तुझ्याच डब्याखाली राहतो तो."

सगळे हसले. सावाको हसली नाही. अकरा वर्षं ती वस्तादांच्या शेजारी काम करत होती. नव्या माणसांना शिकवायला कंपनीने वरचा अख्खा मजला दिला होता. पुस्तकं, मशिनी, शिकण्याच्या दिवसांचा पगार, सगळं होतं. शिक्षक मात्र पूर्ण वर्तुळाचाच हवा होता. मार्चमध्ये वस्तादांची पासष्टी भरत होती. वर्तुळ भरलं तर आणखी पाच वर्षं काम, नाही तर घर. आणि घरात त्यांना चहासुद्धा करता येत नव्हता.

अर्धं

शेवटचा पाव शिष्याच्या लेखी शब्दावर मिळायचा. शिष्य एकटी सावाको. टोकियोच्या मुख्य ऑफिसातून आलेल्या ओगुराने तिच्या हातात फॉर्म दिला. प्रश्न एकच: कुवाबारांनी तुम्हाला काय शिकवलं?

पहिल्याच दिवशी ते म्हणाले होते, "मी शिकवत नाही. डोळे आहेत ना? बघून चोर."

तिने चोरलं. चमच्याची मान घासताना त्यांचा हात उगाच संथ व्हायचा, हे कळायला तिला वर्ष लागलं. त्यांचा दिवा ती आल्यापासून वीतभर डावीकडे, तिच्या बाजूला सरकला होता, हे कळायला तीन.

दोन दिवस विचार करून, चार कागद फाडून तिने लिहिलं: "काहीच शिकवलं नाही. सगळं मी चोरलं."

त्या खात्यात याहून मोठी स्तुती नव्हती.

पाऊण

सोमवारी तक्ता बदलला. वस्तादांचं वर्तुळ होतं तसंच. सावाको धावत ऑफिसात गेली.

"अहो ओगुरा-सान, ती स्तुती होती!"

"चोरलं, ही स्तुती?"

"आमच्याकडे असते."

"पण बाई, शिकवलं नाही असं तुम्हीच लिहिलंय. फॉर्म वर गेलासुद्धा."

"दुसरा देते लिहून."

"मग खरा कुठला धरायचा?" त्याने मान खाली घातली. वाईट त्यालाही वाटत होतं.

वस्तादांनी फॉर्मची प्रत डोळ्यांजवळ धरून दोनदा वाचली. "अक्षर झकास आलंय गं."

"तुम्ही जाऊन सांगा ना, शिकवलं म्हणून!"

"ह्या वयात खोटं बोलू?" त्यांनी कागदाची घडी केली, खिशात घातली. "हा मी ठेवतो."



मार्चमध्ये ते गेले घरी. नोव्हेंबरात घरातूनही गेले. त्यांच्या घरी देव्हाऱ्यापुढे उदबत्ती लावताना सावाकोला घंटेखाली तो कागद दिसला. घड्या पडून पडून फाटायला आलेला.

"येईल त्याला दाखवायचे," त्यांची बायको म्हणाली. "म्हणायचे, पोरीने काय लिहिलंय बघा."

वरच्या मजल्यासाठी शिक्षक मिळाला नाहीच. एप्रिलमध्ये एक नवी मुलगी सरळ सावाकोच्या शेजारी आणून उभी केली. तक्त्यावर वस्तादांच्या ओळीत आता त्या मुलीचं नाव होतं, पुढे कोरं वर्तुळ.

आठवड्याने मुलीने फॉर्म काढला. "कुणी शिकवलं असं विचारलंय. तुमचं नाव घालू ना?"

"कुवाबारा लिही."

"ते कोण?"

"लिही गं."

मुलीने लिहिलं.

दुसऱ्या दिवशी फॉर्म परत आला. कोपऱ्यात ओगुराचं नीटनेटकं अक्षर: या नावाचा कर्मचारी नाही. कृपया दुरुस्त करावे.