अण्णांच्या पाठीमागच्या लाटा

बेळगावजवळच्या सांबऱ्याच्या विमानतळावर उतरणारी विमानं आमच्या गावावरून इतक्या खालून जातात, की खिडकीशी बसलेल्या माणसाला आमच्या चौकातले बॅनर वाचता येत असावेत. येत नसले तरी बॅनर लावणाऱ्यांची तशी समजूत आहे. वर कन्नडमध्ये मोठं नाव, खाली मराठीत तेच नाव, मधोमध कमरेपर्यंत उत्सवमूर्ती, आणि भोवतीनं शुभेच्छुकांचे चेहरे, पापडांसारखे वाळत घातलेले. बॅनर लागला की माणसं त्याच्या खाली जाऊन उभी राहतात, मान वर करतात आणि आपला पापड शोधतात. सापडला की घरी जातात. मधल्या मूर्तीकडे बघायचं काम मूर्तीच्या बायकोचं.

हे सगळे बॅनर गावात एकटी पूर्णिमा करते. बेळगावात कोर्स करून आली आणि घराच्या पुढच्या खोलीत कॉम्प्युटर आणि झेरॉक्सचं मशीन मांडून बसली. फाइल ती करते, छपाई बेळगावात होते, आणि गुंडाळी बसच्या टपावरून येते.

एका सकाळी तिच्याकडे मष्णू आला. मष्णू म्हणजे दूध डेअरीचे चेअरमन अण्णाप्पा ऊर्फ अण्णा यांचा उजवा हात. डावाही तोच. अण्णांचे स्वतःचे हात कायम नमस्कारात जोडलेले असत, त्यामुळे कामाला दुसऱ्याचे लागत.

"पूर्णिमाक्का, अण्णांचा वाढदिवस आलाय," तो उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला. "औंदा पाठीमागं ते सूर्याचे किरण नकोत. लाटा पाहिजेत."

"कसल्या लाटा?"

"निपाणीला एका बॅनरवर बघितल्यात अण्णांनी. बारीक बारीक रेघा, नागमोडी. माणूस लई उठून दिसतंय त्याच्यावर."

"करते," पूर्णिमा म्हणाली.

मष्णूला हे अपेक्षित नव्हतं. तो नकार ऐकायच्या तयारीनं आला होता, म्हणून तर उंबऱ्याबाहेर होता. बाईचं मन बदलायच्या आत त्यानं सगळ्यांचे फोटो मोबाइलवर पाठवून दिले आणि चालता झाला.

त्याला भीती वाटण्याचं कारण गुंड्या.

गुंड्या हा पूर्णिमाचा बोकड. जन्मताच आई मेली, म्हणून हिनं बाटलीनं दूध पाजून वाढवला. अंग काळं कुळकुळीत, कपाळावर पांढरा ठिपका, डावा कान कुत्र्यानं फाडलेला, आणि एक शिंग घरातून पळून जायला निघाल्यासारखं बाहेर वळलेलं. तो खाण्यासाठी नव्हता आणि विकण्यासाठीही नव्हता. झेरॉक्सच्या टेबलाखाली बसून बिघडलेल्या प्रती खाण्यासाठी होता. गेल्या वर्षी अण्णांच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी गोठ्यात नुसतं कापलेलं दावं राहिलं, आणि दुसऱ्या दिवशी अण्णांच्या शेतात जेवणं झाली. जेवलेल्यांपैकी निम्म्यांनी घरी जाऊन बायकांना सांगितलं. उरलेल्या निम्म्यांच्या बायकांना वासावरून कळलं.

पूर्णिमा अण्णांच्या दारात गेली तेव्हा कट्टा भरलेला होता.

"अण्णा, माझा बोकड."

अण्णा दात कोरत होते. "गेला असंल कुटंतरी," ते म्हणाले. "बोकडच न्हवं? का लगीन ठरलंतं तुझं त्याच्यासंगं?"

कट्टा हसला. कोण कितपत हसलं हे पूर्णिमानं नीट बघून घेतलं आणि घरी आली.

"सोड गं," तिची आई मालुबाई म्हणाली. "दुसरा आणू."

"मला दुसरा नको. त्यानं तोंडानं म्हणावं, खाल्ला म्हणून. चारचौघांत."

"म्हणून काय मिळणार तुला?"

"कायबी न्हाय. म्हणू दे."

त्यानंतर वर्षभर तिनं हा विषय काढला नाही. अण्णांच्या डेअरीची पत्रकं करून दिली, अण्णांच्या पुतण्याची लग्नपत्रिका करून दिली. अण्णांना वाटलं, पोरगी शहाणी आहे. शहाणी होतीच.

मष्णू गेल्यावर दुपारी झेरॉक्सची गर्दी ओसरली, तशी ती बॅनर आखायचं कोरलड्रॉ उघडून बसली. तिथं लाट काढणं विहिरीत दगड टाकण्यापेक्षा सोपं. एक सरळ रेघ ओढायची. तिला झिपर नावाच्या हत्याराचा झटका दिला की करवतीसारखे दात येतात, आणि ते दात गुळगुळीत करायला सांगितले की त्यांच्या लाटा होतात. उंची किती, दाटी किती, हे मनाला येईल तसं. अशी एक लाट तिनं बॅनरच्या माथ्याला ठेवली, एक पायथ्याला, आणि ब्लेंड करून दोन्हींच्या मधली जागा तसल्याच लाटांनी भरून टाकली. मष्णूनं सांगितलेलं काम इथं संपलं होतं.

मग तिनं स्वतःचं सुरू केलं. त्याच सगळ्या लाटांची दुसरी प्रत तिनं पहिलीच्या बरोबर वर ठेवली आणि रेघा जाड केल्या. गुंड्याचा जुना फोटो घेऊन त्याची बाह्यरेषा काढली. दाढी, फाटका कान, पळपुटं शिंग, सगळं. आणि त्या आकारात जाड लाटा पॉवरक्लिपनं भरल्या. पॉवरक्लिप म्हणजे पिशवीच. पिशवीत मावलं तेवढं दिसतं, बाहेरचं दिसत नाही. कपाळावरचा ठिपका तेवढा रिकामा ठेवला, तिथं खालच्या बारीक रेघा आपोआप राहिल्या. शेवटी पिशवीची कडा पुसून टाकली आणि वर अण्णांना हात जोडून उभं केलं.

जवळून बघितलं तर नुसत्या लाटा. कुठं रेघ जरा जाड, कुठं जरा बारीक, छपाईत असतं तसं. पूर्णिमा उठली, अंगणाच्या पार टोकाला गेली आणि दारातून आत बघितलं. अण्णांच्या खांद्यामागून गुंड्या बघत होता.

मालुबाई अंगणात तांदूळ पाखडत होती. तिनंही मान वळवली. "अगं बाई. ह्यो तर गुंड्या."

"लाटा हाईत आई."

मालुबाईनं पुन्हा एकदा बघितलं आणि सूप हलवायला घेतलं. "शिंग आणखी जरा भाईर घे," ती म्हणाली.

फाइल पक्की करण्याआधी नमुना अण्णांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर टाकायची पद्धत आहे. टाकला. गावातल्या सगळ्या कर्त्या पुरुषांनी दोन बोटांनी तो ताणून मोठा केला, इतका मोठा की पडद्यावर ज्याचं त्याचं नाक तेवढं राहिलं. मग दुरुस्त्या आल्या. भरमा म्हणाला, माझं नाव मष्णूच्या खाली का. मष्णू म्हणाला, वयानं. रविराजला कपाळावरचा टिळा ठळक पाहिजे होता. एकाला जुना फोटो नको होता, एकाला नवा नको होता. अण्णांनी स्वतः एकच सूचना केली, मिशा काळ्या करा. पूर्णिमानं सगळ्यांचं सगळं केलं. लाटांबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही, कारण लाटांमध्ये कुणाचंही नाव नव्हतं.

बॅनर लागला तो दरवर्षीच्या जागी, डेअरीच्या मैदानापलीकडे, अण्णांच्या माडीसमोर. ज्याला शुभेच्छा द्यायच्या त्याला त्या घरबसल्या दिसाव्यात, असा हिशेब. दिवसभर माणसं खाली उभी राहून आपले पापड शोधत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा चहाची कपबशी घेऊन माडीच्या गॅलरीत आले, आणि इतक्या लांबून त्या बॅनरकडे बघणारे गावातले पहिले गृहस्थ ठरले.

चहा गार झाला. अण्णा आत गेले, चष्मा पुसून परत आले. मग त्यांनी मष्णूला वर बोलावलं.

"बॅनर कसा वाटतोय रं?"

मष्णूनं बघितलं आणि ओळखलं. गेल्या वर्षी दावं त्यानंच कापलं होतं.

"झ्याक," तो म्हणाला. "लाटा लई भारी आल्यात."

"लाटांत काय दिसतंय का तुला?"

"लाटाच दिसत्यात अण्णा."

मग अण्णांनी भरमाला बोलावलं, रविराजला बोलावलं, एकेक करून पापडांची अख्खी परात गॅलरीत आणून उभी केली. सगळे गेल्या वर्षीच्या पंगतीतले. प्रत्येकानं बघितलं, प्रत्येकाला दिसलं, आणि प्रत्येकानं लाटांची तारीफ केली. बोकड दिसतोय म्हणावं, तर कुठला, कुणाचा, आणि तुला कसा ओळखू आला, हे पुढं आलंच. अण्णांना आता दोन शंका येऊ लागल्या. एक, की आपल्या डोळ्यांत काहीतरी झालंय. दुसरी, की झालेलं नाही. दुसरी जास्त वाईट होती.

बॅनर उतरवताही येईना. वाढदिवसाच्या आधी चेअरमनचा बॅनर खाली आला, तर डेअरीच्या निवडणुकीत काय बोलतील लोक. गॅलरीत जाणं अण्णांनी बंद केलं. पण झोपायच्या खोलीची खिडकीही त्याच बाजूला होती.

शेवटी ते पूर्णिमाच्या दुकानात स्वतः आले. हात जोडलेले नव्हते. आत आधारकार्डाच्या झेरॉक्ससाठी बाळाबाई आणि आणखी चार बायका बसल्या होत्या. अण्णा त्या जायची वाट बघत उभे राहिले. बायकांनी ते ओळखलं आणि बसून राहिल्या.

"पूर्णिमा," अण्णा म्हणाले, "ते काढ."

"काय अण्णा?"

"बॅनरवरचं. ते."

"लाटा? तुमीच सांगितलासा की लाटा टाक म्हणून."

"लाटा ऱ्हाऊ देत. लाटांच्या आतलं काढ."

"आत काय हाय?"

अण्णांनी बायकांकडे बघितलं. बायकांनी आपापल्या आधारकार्डावरचे फोटो बघायला घेतले.

"बोकड हाय," अण्णा म्हणाले.

"कुणाचा?"

"कुणाचा म्हंजे. तुझा."

"माझा गेलाय न्हवं कुटंतरी. तुमीच म्हनलासा. मग तुमी कवा बघितलासा त्याला?"

अण्णांनी दाराकडे बघितलं. बाळाबाईनं कार्ड खाली ठेवलं.

"खाल्ला गं," अण्णा एकदम म्हणाले. "खाल्ला. आमी समद्यांनी. शेतात. झालं? आता काढ ते."

पूर्णिमानं साध्या आवाजात विचारलं, "कसा लागला?"

अण्णा आयुष्यभर पंगतींना गेलेला माणूस. जेवणाबद्दल विचारलं की त्यांच्या तोंडून खरं निघे, ही सवयच होती. "चिवट हुता," ते म्हणाले.

बोलून गेल्यावर ते त्यांनाही ऐकू आलं.

"बसा," पूर्णिमा म्हणाली. तिनं फाइल उघडली, त्यांच्यादेखत जाड लाटा निवडल्या आणि डिलीट दाबलं. अण्णा पडद्याला नाक लावून बघत होते.

"गेला?"

"गेला."

"परत एकदा गेला," मालुबाई आतून म्हणाली.

नवा बॅनर बेळगावहून आला आणि जुन्याच्या जागी चढला. त्यात लाटांशिवाय काहीही नव्हतं. पण तोवर बाळाबाई आणि त्या चार बायका आपापल्या गल्लीत पोचल्या होत्या. गाव बॅनरच्या खाली उभं राहायचं सोडून मैदानाच्या टोकाला जाऊन उभं राहू लागलं. डोळे बारीक करून माणसं एकमेकांना दाखवत होती, ते बघ, खांद्याच्या मागं, शिंग. नसलेला गुंड्या असलेल्यापेक्षा स्पष्ट दिसत होता. अण्णांनी म्हटल्यावर बाकीच्यांचीही तोंडं सुटली. भरमा म्हणाला, मी नुसता रस्सा घेतलता. रविराज म्हणाला, बोलावलं म्हणून गेलतो. मष्णू म्हणाला, मला दावं कापायला सांगितलतं, कशाला ते सांगितलं न्हवतं. गेल्या वर्षी सगळ्यांनी मिळून खाल्लेला बोकड एका दिवसात अण्णांनी एकट्यानं खाल्लेला ठरला.

पूर्णिमाला हवं होतं ते तिला मिळालं होतं. चारचौघांत म्हणू दे, एवढंच तिनं ठरवलं होतं. पण 'चिवट' हा शब्द तिच्या ठरवण्यात नव्हता, आणि तो डोक्यातून जाईना.

वाढदिवसाला ती शेतात गेली. बोलावणं नव्हतं, पण बॅनर करणाऱ्या माणसाला कोण हाकलणार. पंगत बसली, पहिल्या ओळीत अण्णा. त्यांच्या बरोबर समोर पूर्णिमा जाऊन बसली. मष्णू मटणाचं पातेलं घेऊन ओळीच्या कडेपासून निघाला.

"कुणाचं रं हे?" पहिल्याच म्हाताऱ्यानं विचारलं.

"अण्णांचं."

"ते झालं. त्याच्या आदी कुणाचं?"

"इकत आणलंय आप्पा, बाजारातनं."

म्हाताऱ्यानं पत्रावळीवर हात आडवा धरला. "नको. भातच वाड." पुढच्यानंही विचारलं, कुणाचं. त्याच्या पुढच्यानंही. अगदी नम्रपणे, गाव सहसा इतकं नम्र नसतं. ओळभर हात आडवे होत गेले आणि मष्णू तेच भरलेलं पातेलं घेऊन अण्णांपाशी पोचला. अण्णांनी कुणाचं म्हणून विचारलं नाही. त्यांना वाढलं गेलं. पूर्णिमानं हात आडवा धरला.

सगळी पंगत भातावर आमटी घेऊन थांबली होती. मान्यवरानं पहिला घास घेतल्याशिवाय आमच्याकडे कुणी सुरू करत नाही.

"जेवा की अण्णा," पूर्णिमा म्हणाली. "औंदाचं कसं हाय ते सांगा."

अण्णांनी एक तुकडा तोंडात टाकला. मटण चांगलं शिजलं होतं, दोनदा चावलं असतं तरी चाललं असतं. पण गिळलं की कसं हाय ते सांगावं लागणार होतं, म्हणून अण्णा चावत राहिले. पूर्णिमानं मांडी बदलली आणि नीट बसून घेतलं.