टपावरचं डिझेल

तृतीयेच्या त्या दिवशी दुपारी दोनला खाडीचं पाणी भरणार होतं, आणि सकाळी साडेनऊला चांगदेवचा ट्रक पनवेल-उरण रस्त्यावर मिठागरांच्या मधोमध बंद पडला. साल १९७८. रस्त्याच्या दोन्ही अंगांना खाजण, सावलीला झाड नाही की चहाची टपरी नाही.

ट्रकमध्ये कोल्हापूरहून आणलेलं डिझेल इंजिन होतं, पाण्याचा पंप होता आणि लोखंडी पाइपांची चळत होती. सगळं माणबेटाला जायचं होतं. माणबेट म्हणजे खाडीतलं तीसेक घरांचं गाव, चांगदेवची सासुरवाडी. तिथल्या बायका वर्षानुवर्षं किनाऱ्यावरून होडीने पिण्याचं पाणी नेत. टेकडीपलीकडे खणलेल्या विहिरीला गोडं पाणी लागलं, तेव्हा ते टेकडीवरून गावात आणण्यासाठी हे यंत्र मागवलं होतं. पण एवढं वजन घेऊन पडाव, म्हणजे मालाची मोठी होडी, बेटाच्या उथळ धक्क्याला लागायचा तर उधाणाचं पाणी हवं. उद्यापासून पाणी कमी कमी होत जाणार. आजची भरती चुकली की पंधरा दिवस थांबायचं.

चांगदेव उरणजवळच्या जासई गावचा. एकोणीस वर्षं ट्रकवर. एकदा घाटात दगड लागून इंजिनाचं ऑइल चेंबर फुटलं, तेव्हा त्याने अंगाचा साबण मळून भोक बुजवलं होतं आणि गाडी कराडपर्यंत नेली होती. गाडी बंद पडली म्हणून हातावर हात ठेवून बसणं त्याला माहीत नव्हतं. त्याची बायको शांती सकाळीच पनवेलच्या नाक्यावर ट्रकमध्ये चढली होती. यंत्राबरोबर तिलाही माहेरी जायचं होतं.

या गाडीचं इंजिन केबिनच्या आतच, दोन सीटांच्या मध्ये. चांगदेवने वरचं झाकण काढलं, फिल्टर साफ केला, एअर काढायला हातपंप दाबून पाहिला. तो बोटाखाली नुसता लटपटत होता. टाकीतलं डिझेल इंजिनाकडे ओढणारा छोटा पंपच मेला होता. त्याने पनवेलकडे जाणारी एसटी थांबवली आणि अरविंद मिस्त्रीला निरोप धाडला.

अरविंद तासाभरात स्कूटरवरून आला. पंप खोलून त्याने आतला अडकलेला दट्ट्या दाखवला.

"गेला हा, चांगदेवशेठ. नवा मुंबईहून आणायला पायजे. उद्या संध्याकाळी बसवून देतो."

"उद्या काय कामाचा? दोनला पानी भरतंय."

"मग माल दुसऱ्या गाडीत टाक."

"कसा टाकू? कोल्हापुरात क्रेनने चढवलाय."

शांती काहीतरी बोलायला लागली, तर चांगदेव तिच्यावरच खेकसला, "तू गप बस गो जरा. मला सुचू दे."

तिची नजर इंजिनावरच होती. थोड्या वेळाने म्हणाली, "आमचे बाबांचे होडीवर हा पंप कुठं हाय? डबा वर बांधलेला, मशीन खाली. डिझेल आपलं आपन उतरतंय."

"वहिनी, ही गाडी आहे, होडी नाय," अरविंद हसला.

"मशीनला काय कलतंय, गाडीन हाय का होडीन?"

चांगदेव हातात पाना धरून तसाच उभा राहिला. सासऱ्याच्या त्या होडीत तो कितीतरी वेळा बसला होता. डिझेलचा डबा त्याच्या डोक्यावरच बांधलेला असायचा. एकदा थेंब त्याच्या नव्या सदऱ्यावर पडले, म्हणून तो चिडलाही होता.

"अरविंद," तो म्हणाला, "टाकीचा बोल्ट खोल. केबिनमधला डबा भरून घे."

पुढे कुणाला बोलायला सवड राहिली नाही. भरलेला डबा टपावर चढवून दोरीने आवळला. चांगदेवकडे डिझेल काढायची रबरी नळी होतीच. तोंडाने ओढून त्याने धार सुरू केली, दुसरं टोक खिडकीतून आत घेऊन फिल्टरच्या तोंडावर चढवलं, वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली. एअरचा स्क्रू सैल केल्यावर फसफसून फेस आला.

"आवलू नका अजून," शांती वाकून म्हणाली. "फेस जाऊ दे. वारा राह्यला तर परत बंद पडंल."

फेस संपला, सरळ धार लागली. स्क्रू आवळला. पहिल्या स्टार्टरला काही नाही. दुसऱ्याला इंजिन खोकलं. तिसऱ्याला पांढऱ्या धुराचा लोट सोडून धडधडायला लागलं. अरविंदने स्वतःच्या कपाळावर हात मारला आणि मोठ्याने हसला.

पण गाडी हलली तशी नळी फिल्टरवरून निसटायला लागली. शांतीने फडकं गुंडाळून दोन्ही हातांनी ती दाबून धरली. इंजिनाची धग तोंडावर येत होती, कोपरापर्यंत डिझेल ओघळत होतं. चांगदेव दुसऱ्या गिअरमध्येच गाडी रेटत होता, कारण वेग वाढवला की इंजिन धापा टाकी. एका मोरीवर चाक खड्ड्यात आदळलं, नळी सुटली आणि गाडी बंद पडली. चांगदेवने शिवी हासडली. तो उतरेपर्यंत शांतीने नळी परत बसवली होती आणि पाना घेऊन एअरचा स्क्रूही सैल केला होता.

"मारा स्टार्टर," ती म्हणाली. "झालंय."

त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि मारला.

एकला दहा कमी असताना ट्रक किनाऱ्याच्या धक्क्यावर पोचला. शांतीचा भाऊ वामन पडावावर उभा राहून रस्त्याकडे डोळे लावून होता. बेटावरची वीस माणसं दोर आणि फळ्या घेऊन खोळंबली होती. सगळ्यांनी जोर लावला. इंजिन फळ्यांवरून इंचाइंचाने घसरत पडावात उतरलं, मागून पंप, मग पाइप. पावणेदोनला पडावाने धक्का सोडला.

"भावजी, मला वाटलं आज काय येत नाय तुमी," वामन म्हणाला.

"मी नाय आनली गाडी. हिनं आनली," चांगदेव सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला. ट्रकच्या मागोमाग आलेला अरविंद धक्क्यावर स्कूटर टेकवून उभा होता. त्याने तिथूनच दोन्ही हात वर केले.

नवव्या दिवशी विहिरीवर यंत्र बसलं. पहिलं हँडल कुणी मारायचं यावर गावात वाद झालाच नाही. शांतीने पदर खोचला आणि हँडल फिरवलं. टेकडीच्या अलीकडे, गावातल्या पाइपाच्या तोंडाशी चांगदेव बसला होता. आधी नुसती हवा सुसाटली, मग गंजाचं लालसर पाणी आलं आणि मग काचेसारखी मनगटाएवढी धार. तो टेकडी चढत धावत सुटला, माथ्यावरूनच विहिरीकडे ओरडला,

"शांते, आलं गो! पानी आलं!"