डाव्या बुटाचे अनेकवचन

मित्रांनो, टेबलावर मानाने बसलेला बूट तुम्ही कधी पाहिला आहे का? तो मी. जुना, तपकिरी आणि डावा. माझा हुद्दा 'एकवचन' असा होता आणि ती नोकरी मी नको तितकी वर्षे केली.

मला लाकडी पावलावर ताणून शिवले, तेव्हा शेजारच्या लाकडी पावलावर उजवा होता. आमची ओळख तिथलीच. आम्हाला विकत घेतले जहाजावरच्या एका आचाऱ्याने. तो बंदरोबंदरी फिरून स्पॅनिश शिकला होता आणि घरी आला की आपल्या दोन मुलांना ती भाषा जेवणाच्या टेबलावर शिकवी. पुस्तक नाही, फळा नाही. वस्तू टेबलावर ठेवायची आणि तिचे नाव घ्यायचे. मला ठेवले की 'सापातो'. शेजारी उजवा आला की 'सापातोस'. एक फूल 'फ्लोर', दोन फुले 'फ्लोरेस'. शब्दाच्या शेवटी स्वर असला की नुसता 'स' पुरतो, व्यंजन असले की 'एस' जोडावा लागतो, हे मुलांना नियम न सांगताच कळून गेले. आचाऱ्याची बायको मात्र विचारी, "बूट खाली उतरवताय, की भाजी त्यातच वाढू?"

आचारी वारल्यावर दोन्ही मुलांनी मिळून स्पॅनिशचा वर्ग काढला आणि वडिलांच्या वस्तू कामाला लागल्या. आम्ही दोघे, दोन चमचे, दोन हातमोजे, दोन लाकडी मासे आणि एक छत्री. छत्रीला स्पॅनिशमध्ये 'पाराग्वास' म्हणतात. एक असो की दहा, शब्द तोच राहतो. त्यामुळे ती कायम तोऱ्यात असे.

भांडण तिच्यावरूनच झाले. एकदा भरल्या वर्गात धाकट्या सरांनी चुकून छत्रीच्या शब्दाला 'एस' जोडला. थोरले सर मागून ओरडले, "बाबांनी हेच शिकवलं का रे तुला?" वर्ग खो खो हसला. धाकट्या सरांचे कान लाल झाले. दुसऱ्या दिवशी वाटणी झाली.

वाटणी अगदी न्यायाने झाली, मित्रांनो, आणि तिथेच घोटाळा झाला. प्रत्येक जोडीतले एकेक. उजवा धाकट्या सरांबरोबर खालच्या मजल्यावर गेला, मी वर थोरल्या सरांकडे राहिलो. छत्री धाकट्या सरांनी हट्टाने नेली.

तेव्हापासून वर एक वर्ग, खाली एक वर्ग आणि दोन्हीकडे सगळे एकेकटे. अनेकवचनाचा धडा जवळ आला की थोरले सर म्हणत, "तो पुढच्या आठवड्यात." कोणी सुचवले की दुसरा एखादा बूट ठेवा, तर म्हणत, "बाजारातला सोम्यागोम्या बाबांच्या बुटाशेजारी बसवू?" फरशीखालून रोज आवाज येई, "सापातो!" म्हणजे उजव्याचीही गाडी तिथेच अडली होती. मला पॉलिश होत असे, माझे कौतुक होत असे, पण आतून मी आखडत चाललो होतो.

वरच्या वर्गात एक नर्स येत. सगळे त्यांना सिस्टर म्हणत. त्यांचा नवरा नोकरीसाठी आधीच परदेशी गेला होता आणि तिथल्याच रुग्णालयात त्यांना जागा मिळणार होती. अट एकच, स्पॅनिशची तोंडी परीक्षा.

"सर, अनेकवचन कधी?"

"पुढच्या आठवड्यात."

"पुढच्या आठवड्यात परीक्षाच आहे. तिकडच्या वॉर्डात पेशंट एकच असणार का? त्याला एकच हात, एकच पाय?"

"घाई करू नका, सिस्टर."

"घाई? नवरा तिकडे वर्षभर उकडलेली अंडी खातोय. मी नापास झाले तर तो तिकडे एकवचन नि मी इकडे!"

थोरले सर खिडकीबाहेर बघू लागले. सिस्टरांनी इंजेक्शनच्या वेळचा चेहरा केला, मला टाचेला धरून उचलले आणि त्या तडक जिना उतरू लागल्या.

"अहो, तो बाबांचा बूट आहे!" थोरले सर मागे धावले.

"बाबांचा बूट माझ्याकडे आहे!" खालच्या दारातून धाकटे सर म्हणाले. त्यांच्या हातात उजवा होता. किती वर्षांनी दिसला! थोडा फुगला होता, कारण त्याच्यात खडू ठेवत असत.

"ये की मग वर," थोरले सर म्हणाले.

"तूच ये खाली, दादा."

कोणी तसूभर हलेना. शेवटी सिस्टरांनी जिन्याच्या मधल्या वळणावर टेबल आणवले. वरचे विद्यार्थी वरच्या पायऱ्यांवर, खालचे खालच्या. टेबल इतके तिरके की मासे घसरून पुन्हा पुन्हा एकवचन होत. पण उजवा माझ्या शेजारी बसला आणि सगळा जिना ओरडला, "सापातोस!" माझी शिवण सैल झाली.

चमचे झाले, हातमोजे झाले, छत्री आली. सिस्टर ठसक्यात म्हणाल्या, "पाराग्वासेस!"

थोरल्या सरांनी तोंड उघडले. धाकट्या सरांचे कान आधीच लाल होऊ लागले. मग थोरल्या सरांनी तोंड मिटले आणि खोकला आल्यासारखे केले.

"छत्रीच्या शब्दाला काही जोडायचं नाही, सिस्टर," धाकटे सर हळू म्हणाले. "मीही तिथंच घसरलो होतो."

"कुणीही घसरेल," थोरले सर छत्रीकडे रागाने बघत म्हणाले. "आहेच ती आगाऊ."

सिस्टर पास झाल्या. निघण्यापूर्वी जिन्यात येऊन दोघांनाही सांगून गेल्या. अंडी बंद, असेही म्हणाल्या.

वर्ग अजून दोनच आहेत, पण अनेकवचन जिन्यात शिकवतात. म्हणून आम्ही दोघे वळणावरच्या फळीवर राहू लागलो. एका दुपारी भंगारवाल्याने आम्हाला बेवारशी समजून पोत्यात टाकले. गाडी रस्त्याला लागली आणि मागून आरडाओरडा ऐकू आला, "सापातोस! सापातोस!" दोन्ही सर अनवाणी, एकाच रस्त्याने, एकमेकांचा सदरा धरून धावत होते. भंगारवाल्याने इतकी भयंकर शिवी जन्मात ऐकली नव्हती. तो पोते टाकून पळाला.

मित्रांनो, जुन्या वस्तू सांभाळा, पण जोडीतल्या वस्तू वाटून घेऊ नका. चारचौघांत आपला माणूस चुकला, तर आधी थोडे खोका. आणि पॉलिश कराल तेव्हा दोघांनाही सारखे करा. उजव्याला अजून जरा कमीच मिळते. तो बोलत नाही, म्हणून मी सांगितले.