सगूची लस ठाकुर्लीस जाते

सगू गेली.

म्हणजे, तसं काही झालेलं नाही. झालं एवढंच की अंगणातल्या दोरीवर एक झबलं वाळत होतं आणि त्याला डावी बाही नव्हती. सकाळच्या वाऱ्याने उजवी बाही भरून फुगत होती, डावीकडच्या भोकातून वारा सरळ निघून जात होता, आणि परशुराम तोंडात राखुंडी धरून ते पाहत उभा होता... बाही उत्तरेनेच कापली होती, टोचलेल्या देवीच्या फोडांना कापड घासू नये म्हणून. कात्री बोथट म्हणून आधी कात्रीला बोलली होती आणि मग, हाताशी होताच म्हणून, त्यालाही. झबलं ती अजून रोज धूत होती. रोज धुवायचं म्हणजे ते मळलेलं असणार, आणि मळलेलं म्हणजे कोणीतरी घातलेलं असणार — ह्या तर्कात परशुरामाला चूक सापडत नव्हती, आणि कागदांतल्या चुका शोधण्यासाठीच तर सरकार त्याला ठाण्याच्या कलेक्टर कचेरीत पगार देत होतं.

उत्तरा चुलीपाशी होती. ती त्याच्याशी बोलत नव्हती. भांडणात माणसं बोलत नाहीत तशी नव्हे, तर घरातले शब्द संपलेत, बाजारात आले की आणू, अशी.

"आज आठवा दिवस ना त्यांचा?" ती एकदम म्हणाली.

त्यांचा म्हणजे कोपरीच्या पोरांचा. तीही मोजत होती तर.

"हो. मारुतीराव येणारेत न्यायला."

तिने फुंकणी खाली ठेवली, परत उचलली. "धाकूचं पोर दूध पितं का, विचारा," ती म्हणाली आणि पाठ फिरवली. फिरताना चोळीवरची ओल त्याला दिसली, आणि दिसली नाही असं त्याने ठरवलं. अलीकडे तो बऱ्याच गोष्टी अशा ठरवून टाकत असे.

देवी काढण्याची सरकारी रीत तशी सोपी होती. तिला फक्त एक मूल लागत असे. लस उन्हात टिकत नाही, तेव्हा ती मुलाच्या दंडातूनच न्यायची. आज एकाच्या दंडावर टोचली की आठव्या दिवशी फोड भरतो. त्या फोडातलं पाणी सुरीच्या टोकावर घेऊन पुढच्याच्या दंडात. त्याच्या आठव्या दिवशी त्याच्यातून आणखी पुढच्याच्या. शेजारून विस्तव मागून आणावा आणि आपली चूल पेटवावी, तसं. एका घराने विस्तव विझू दिला की पुढची सगळी आळी थंड. परशुरामाला ही कल्पना फार आवडली होती. आवडली म्हणून त्याने ती वाचनालयातल्या सभेत बोलून दाखवली होती, आणि बोलून दाखवली म्हणून...

सभेचा विषय होता, सरकारने रयतेच्या घरात किती शिरावं. एक पोक्त वकील म्हणाले, सरकारने रस्ते करावेत, चोर धरावेत, सारा घ्यावा आणि आमच्या उंबऱ्याबाहेर जोडे काढून उभं राहावं. पाळण्याच्या दोरीला हात लावायचं काम नाही. मग परशुराम उठला. तो उठला की लोक आधीच हसायला लागत. तो म्हणाला, सरकारने पाळण्याला हात लावायचा नाही, आणि देवी हात लावते तेव्हा तिला आपण दहीभात दाखवतो. सरकार बिचारं दहीभात तरी मागत नाही. लोक हसले. मग तो गंभीर झाला, जे त्याने करायला नको होतं, आणि म्हणाला की आपण कर देतो ते पैशाचे, पण खरं सरकार तेव्हाच होतं जेव्हा एकाच्या घरचा विस्तव दुसऱ्याच्या घरी... तेवढ्यात मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, "मग आपल्या घरापासून करा की, पंत!"

टाळ्या पडल्या. टाळ्यांत माणसाला नाही म्हणता येत नाही; ते एक प्रकारचं समन्सच.

तर सगूच्या डाव्या दंडावर देवी काढल्या. परशुरामाच्या सासूबाई निरोपावर निरोप पाठवत राहिल्या, की कोणाच्या पोराचं पाणी आपल्या मुलीत घातलंत, जात तरी विचारलीत का. आठव्या दिवशी उत्तरा तिला काखेला मारून रुळांपलीकडे कोपरीला गेली आणि सगूच्या फोडातून तिथल्या पाच पोरांना लस मिळाली. उत्तरा परत आली ती चक्क हसत. म्हणाली, पाचही जणं एका सुरात रडली, आणि आपली ही त्यांच्याकडे अशी बघत होती, जशी काही मामलेदार.

त्यानंतर घसा. घटसर्प. डॉक्टरांनी सांगितलं, लशीचा ह्याच्याशी काडीचा संबंध नाही, आणि परशुरामाला ते पटलं. अजूनही पटतं. तेच तर वाईट — माझं सरकारशी भांडणसुद्धा नाही. देवीचं खातं सरकारने उघडलं होतं, घटसर्पाचं अजून उघडायचं होतं, आणि माझी मुलगी चुकीच्या खात्यात मेली, एवढंच.

भटजींनी विचारलं होतं, "दात आला होता का?"

बिनदाताचं लेकरू गेलं तर सुतक आंघोळीपुरतं. दात आला असेल तर जास्त. शास्त्राने दुःखाचंसुद्धा वय बघून माप ठेवलेलं. परशुराम म्हणाला, "नाही." त्याला खरंच ठाऊक नव्हतं, पण प्रश्न आला की उत्तर द्यायची कचेरीतली सवय. तेव्हा आतून उत्तरा म्हणाली, "होता. दिसत नव्हता. बोटाला लागायचा." भटजी म्हणाले, न दिसणारा दात शास्त्रात धरत नाहीत.

...त्याने राखुंडी थुंकली. बाहेर मारुतीरावांचं तट्टू आलं होतं.

मारुतीराव हे देवी डॉक्टर. म्हणजे डॉक्टर नव्हेत, पण देवी त्यांच्या हातात. बारीक माणूस, खांद्याला चामडी पेटी, आणि तट्टावर बसण्यापेक्षा तट्टाला हाताने धरून चालणंच जास्त. तळ्याच्या काठाने दोघं निघाले. टिटवाळ्याला देवीची साथ आली होती. ठाकुर्लीत अजून नव्हती, पण साथीला काय, तिकीट लागत नाही. मारुतीरावांकडे ह्या अंगाला दुसरं मूल उरलं नव्हतं. कोपरीच्या पाचांपैकी चौघांच्या आयांनी सगूची बातमी ऐकताच पोरांचे दंड राखेने घासून टाकले होते. राहिला धाकूचा गणू. त्याला आज आईसकट आगगाडीने कल्याणला आणि तिथून बैलगाडीने ठाकुर्लीला न्यायचं. उद्या फोड सुकणार, मग काही नाही.

"आपण फक्त दोन शब्द बोला, परशुरामपंत. आपल्यावर लोकांचा विश्वास आहे. त्यातून आता तर..."

वाक्य मारुतीरावांनी गिळलं, पण त्याचं शेपूट बाहेर राहिलं. परशुरामाने ते पाहिलं. खरंच होतं म्हणा, आता त्याच्यासारखा निःस्वार्थी वक्ता शोधून मिळाला नसता. ज्याचं काही जायचं राहिलेलं नाही असा.

रूळ ओलांडताना त्याने मनाशी भाषण जुळवायला घेतलं. बंधूंनो. समाज म्हणजे एक शरीर... आणि मधेच थांबला, कारण भाषणाच्या खालून दुसरंच काहीतरी बोलत होतं, हलक्या आवाजात, लाज सोडून. ते म्हणत होतं, ठाकुर्ली गेली खड्ड्यात. टिटवाळाही. त्या पोराच्या दंडात सगूचं पाणी आहे, तिचं जगात उरलेलं तेवढंच आहे, ओलं, जिवंत, आणि उद्या ते सुकेल. मला ते पुढे जायला हवंय. ठाकुर्लीला, कसाऱ्याला, घाटावर, कुठेही — कोणाचं भलं होवो न होवो. सार्वजनिक हित, सार्वजनिक हित म्हणून मी जे ओरडतो आहे ना, त्याचं वय सात महिने आहे.

ही गोष्ट त्याने मारुतीरावांना सांगितली नाही. तट्टाला कदाचित कळली असावी. ते एकदम उभं राहिलं.

कोपरीला खाडीच्या बाजूने खारट वारा येत होता. मिठाचे ढीग उन्हात डोळ्यांवर येत होते. धाकू मिठागरातून नुकताच आला होता, पिंढऱ्यांवर पांढरी साय वाळलेली. त्याने दोघांना ओटीवर घोंगडी टाकून दिली आणि स्वतः खाली टाचांवर बसला. दाराच्या आत त्याची बायको आवडाबाई, मांडीवर गणू.

"रावसाब, तुमची पोर जेली म्हनं," धाकू म्हणाला.

"हो."

"वाईट झालं." पिंढरीवरची साय खरवडत तो म्हणाला, "तिच्या हातातलं पानी कारलं, नी ती जेली. आता आमच्या पोराच्या हातातलं कारनार."

"अरे, तो आजार वेगळा," मारुतीराव म्हणाले. "त्याचा ह्याच्याशी—"

"आसंल येगला. मी काय डाक्तर नाय." धाकू मारुतीरावांशी नव्हे, ढिगांकडे बघत बोलत होता. "मीठ मी पिकवतो, रावसाब. त्यातलं मूठभर घराला आनलं तर शिपाय येऊन माना धरतो, सरकारचं हाय म्हनून. पोर मी जल्माला घातला, त्याला सरकार हात लावतं, लोकांचं हाय म्हनून. मंग माझं काय हाय? मी कुनाला धरू?"

मारुतीरावांनी परशुरामाकडे पाहिलं. इथे बोलायचं होतं. बंधूंनो. परशुरामाने तोंड उघडलं, आणि त्याला दिसलं की वाचनालयात हा माणूस हे एवढंच बोलला असता, तर आपण खाली बसलो असतो आणि आज घरी...

"दूध पितो का?" तो म्हणाला.

"कोन?"

"गणू."

आतून आवडाबाई हसली. "पितो काय! सोरत नाय." मग हसू गेलं. ती उठून दारात आली. "रावसाब, येक इचारू? परत तीच येल आली, तर तुमी परत द्याल तुमची पोर?"

"हो," तो म्हणाला. इतक्या लवकर, की कोण बोललं ते त्यालाच कळलं नाही. सभेतला माणूस की बाप. दोघांपैकी एक जरी गप्प बसला असता तर बरं झालं असतं.

"नी घरात बाय काय बोलते?"

"ती बोलत नाही."

परशुरामाने मान खाली घातली. ओटीच्या कडेने मुंग्या मेलेल्या माशीचा एक पंख नेत होत्या. प्रत्येकीला वाटत होतं आपणच नेतो आहोत, आणि पंख कोणाला न विचारता चालला होता.

"मी जाते," आवडाबाई म्हणाली.

धाकूने मान वर केली. "अगं—"

"तुमच्यासाठी नाय हां, रावसाब. नी सरकारसाठी तर नायच नाय. ठाकुर्लीला माझी भैन हाय, तुलसा. तिची पोर ह्याच्याहून धाकली. टिटवाल्याशी देव्या आल्या, मंग तिथं येयाला किती उशीर? मी काय मिठाकरं बघत बसू?"

इतकंच. शरीर नाही, विस्तव नाही, समाज नाही, एक बहीण. परशुरामाचं भाषण घडी न मोडता तसंच राहिलं. धाकू उठून आत गेला आणि प्रवासाला म्हणून मडक्यातलं सुकट फडक्यात बांधायला लागला, जरा जास्तच जोरात.

"धरा जरा," आवडाबाई म्हणाली आणि लुगडं नीट करायला आत जाताना गणूला त्याच्या हातात देऊन गेली.

जड होतं पोर. सगूपेक्षा जड, आणि ओलसर, आणि त्याला दुधाचा, धुराचा, सुक्या मासळीचा वास येत होता. डाव्या दंडावर फोड टरारला होता, मधे जराशी खळगी. परशुरामाने तो अगदी जवळून पाहिला. आपण काय शोधतो आहोत हे त्याला ठाऊक होतं, आणि ते तिथे नाही हेही लगेच कळलं. फोड गणूचा होता. मांस गणूचं, ताप गणूचा, आणि कारकुनाच्या पागोट्याकडे रोखून पाहणारे डोळे फक्त गणूचे. जे कोपरीला आलं ते कोपरीचं झालं. उद्या ठाकुर्लीचं होईल. तुळसाची पोर जगेल. जगू दे... जगू दे, असं त्याच्या आत कोणीतरी म्हणालं, आणि ह्या वेळी त्याच्याखालून दुसरा आवाज आला नाही. तो शोधत राहिला, त्या हलक्या आवाजाला, लाज सोडलेल्या. तोही गेला होता. आता मात्र काहीच राहिलं नव्हतं, नेण्यासारखं किंवा सुकण्यासारखं.

गणूने ओठ काढले, विचार केला, आणि भोकाड पसरलं. आवडाबाईने येऊन त्याला घेतलं. मारुतीराव तट्टाची दोरी सोडत होते. परशुरामाचे हात मात्र तसेच राहिले, पुढे धरलेले, आणि रिकाम्या हातांना काम हवं म्हणून असेल, किंवा दहा ते पाच दुसरं काही सुचत नाही म्हणून, त्याच्या डोक्यात कचेरीतल्या वळणदार अक्षरात एक मजकूर उमटू लागला.

मेहेरबान सरकारसाहेबांचे सेवेशी. अर्जदार परशुराम विठ्ठल, राहणार ठाणे, अर्ज करतो ऐसा जे, अर्जदाराची मुलगी नामे सगुणा हिच्या दंडातून सार्वजनिक हितासाठी लस घेण्यात आली असून ती आज ठाकुर्लीस, तेथून टिटवाळ्यास व पुढे ईश्वर नेईल तेथे जाणार आहे. त्याबद्दल अर्जदाराची तक्रार नाही. रस्त्यांसाठी सरकार सर्वांकडून थोडा थोडा कर घेते, कोणास फारसे जड होत नाही आणि रस्ता होतो. त्याच धर्तीवर, सदर लस ज्या ज्या मुलास मिळेल त्याच्या आयुष्यातून एक एक दिवस — म्हातारपणीचा, आजारातला, ज्याचा त्यास नकोसा झालेला असला तरी चालेल — वसूल करण्यात यावा, व जमा होतील तेवढे दिवस अर्जदाराच्या घरी पोचते करावेत. इतके दिवस देणे नियमात बसत नसल्यास एक वर्ष द्यावे. तेही बसत नसल्यास एक दुपार द्यावी. दुपारी अर्जदार कचेरीत असतो. तो हजर नसला तरी हरकत नाही. मुलीची आई घरी असते. तरी मेहेरबानीने हुकूम व्हावा.